विजीला काही झालं नव्हतं

६ नोव्हेंबर, गुरुवार

वैजयंती मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला बसले. काय लिहायचं ते काही सांगितलं नाही. "जे वाटेल ते लिहा, मला दाखवायचं नाही, कुणालाच दाखवायचं नाही," एवढंच म्हणाल्या. वळसंगच्या शाळेत माझं अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर सुविचार मीच लिहायचे. बारावी झाली, लग्न झालं, त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं.

आज केंद्रात पहिला दिवस. केंद्र म्हणजे सोलापुरात सात रस्त्याजवळ एका संस्थेचं ऑफिस, तळमजल्यावर. कारखान्याच्या आगीत जे भाजले त्यांना पुन्हा कामाला लावायचं, हे त्यांचं काम. नंदीश सर नोकऱ्या शोधून देतात. वैजयंती मॅडम दर गुरुवारी पुण्याहून येतात आणि एकेकाशी वेगळं बोलतात.

मॅडमनी विचारलं, "आता कसं वाटतं?" मी हात दाखवला. डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत ओढल्यासारखी झालीय, मूठ पूर्ण मिटत नाही. त्या म्हणाल्या, "हाताचं डॉक्टर बघतील. तुमचं सांगा." मी म्हटलं, माझं म्हणजे हातच की. बाकी सगळं ठीक आहे. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते तर "आत या की, पंख्याखाली बसा" म्हणाल्या. मला तिथंच बरं वाटत होतं. वारा येतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मालकांशी वाजलं. माझे मालक, म्हणजे नवरा गुरप्पा, छोटा हत्ती टेंपो चालवतात. रविवारी घरी असतात, मग त्यांना सगळं दिसतं. अंकिता सकाळी भाकरी करत होती तर म्हणाले, "पोरीची दहावी हाय, आन् तू तिला गॅसपुढं हुबं केलीस?" मी म्हटलं, पोरीच्या जातीला स्वयंपाक यायला नको? माझा हात असा, भाकरी कशी थापू? तर म्हणाले, "चहा तर एका हातानं व्हतंय की." आता ती मोठी झालीय, तिनं करावं, यात काय चुकलं?

तेवढ्यात विजी चहाची किटली घेऊन आली. "भांडू नगासा, मी केलाय." असं तिचं. विजी म्हणजे विजयमाला, शेजारच्या खोलीत राहते. सांगोल्याच्या पुढची, धनगरांची. नवरा बिरुदेव मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ फिरतीवर, सासू वस्तीवर, मुलगा मंगळवेढ्याला वसतिगृहात. आम्ही दोघी एकाच टॉवेल कारखान्यात होतो. मी शिलाईला, ती पॅकिंगला. आमच्या दोघींना कामाला लावलं ते बजाक्कानं. करमाळ्याकडची बजाबाई, पॅकिंगची सगळ्यात जुनी बाई.

आगीच्या दिवशी श्रावणी सोमवार होता. बजाक्काचा उपास. तिनं विजीला केळी आणायला बाहेर पाठवलं आणि विजी वाचली. नशीब म्हणतात ते हेच. मी शिलाईच्या हॉलमधून संडासाच्या खिडकीतून बाहेर पडले, म्हणून हातावर भागलं. मागच्या पॅकिंगच्या खोलीला शटर होतं, माल चोरीला जातो म्हणून त्याला बाहेरून कुलूप असायचं. बजाक्का आणि अजून चौघी तिथं होत्या. त्या राहिल्या.

यापुढचं लिहायचं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नंदीश सरांना विजीबद्दल विचारलं. तिचंही काम गेलंय, तिलाही बघा ना काहीतरी. सर माणूस वाईट नाही, पण सतत घाईत असतात, एका कानाला फोन. म्हणाले, "ताई, त्या आत नव्हत्या ना? आमची योजना जखमींसाठी आहे. त्यांना काय झालंय?" बरोबरच आहे.

वैजयंती मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "योजनेचं राहू द्या, त्यांना घेऊन या, मी अशीच बोलेन."

संध्याकाळी विजीला सांगितलं तर हसायलाच लागली. "मला काय धाड भरलीया? मी लई धडधाकट हाय, अक्का. तू जा, तुजा हात बघ." धुण्याचे पिळे झटकत होती. सगळ्या चाळीचं धुणं आजकाल तीच धुते, नको म्हटलं तरी ऐकत नाही. धुताना तिची करंगळी दिसली, उजव्या हाताची, वाकडी झालीय. कधी झालं गं हे, म्हटलं. "पडले हुते," म्हणाली.

मला तिचा हेवा वाटतो कधीकधी. एवढं होऊन बाई हसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या दाराची बाहेरची कडी कुणीतरी काढून नेली. स्क्रूसकट. समोरच्या दोन घरांचीही गेली. लोखंडाच्या एवढ्याशा तुकड्याचे काय मिळतात? भंगारवाल्यांचा काय नेम नाही. आता बाहेर जाताना कुलूप लावायची पंचाईत. मालकांनी नवी आणतो म्हटलं. विजी म्हणाली, "कशाला, मी हाय की घरी, राखण करते."

४ डिसेंबर, गुरुवार

आज नोकऱ्या सांगितल्या. पुरुषांपैकी एकाला पेट्रोल पंपावर, एकाला शाळेचा शिपाई, एकाला गोदामाचा वॉचमन. आम्हा सगळ्या बायकांना गणवेशाची शिलाई. मी विचारलं, "सर, बाहेरचं काही नाही का? मोकळ्यावरचं?" सर म्हणाले, "ताई, बायकांना उन्हातान्हात कुठं उभं करायचं? शिलाई तुम्हाला येते. सावलीतलं काम आहे, पंखा आहे." मी म्हटलं, हात? तर म्हणाले, मालकाशी बोललोय, तुम्हाला फक्त धागे कापायचे आणि गुंड्या तपासायच्या. एवढं त्यांनी बघितलं होतं. मग मी काय तोंडानं नाही म्हणू?

मालक खूश झाले. मला वेणी आणली.

८ डिसेंबर, सोमवार

कामाचा पहिला दिवस. पेठेतली जुनी इमारत, दुसरा मजला, जिना अरुंद. माणसं चांगली आहेत. दहा-बारा बायका, गप्पा चालतात. मी जिन्याच्या तोंडाशी बसले. मालकीण म्हणाली, "तिथं उजेड नाही हो." मी म्हटलं, मला दिसतंय.

१० डिसेंबर, बुधवार

काम सोडून आले.

काही झालं नव्हतं. दुपारी खालच्या दुकानदारानं ऊन येतं म्हणून त्याचं शटर अर्धं ओढलं. जिना तिथूनच सुरू होतो. आवाज झाला, एवढंच. मी पाणी पिऊन येते म्हणून उठले, ते थेट सात रस्त्यापर्यंत चालत गेले. चप्पल वरच राहिली. पाय पोळले तेव्हा कळलं.

मालकांना सांगितलं, बाई कटकट करते म्हणून सोडलं. बाईनं तर मला चहा पाजला होता.

१८ डिसेंबर, गुरुवार

मागच्या गुरुवारी केंद्रात गेलेच नाही. आज नंदीश सर रागावले. ओरडत नाहीत ते, पण तोंड पडलेलं दिसतं. "किती फिरलो मी तुमच्यासाठी, ताई. तीन दिवसांत सोडता? बाकीच्या बायका बसल्यात की नाही?" मी मान खाली घालून ऐकलं.

मॅडमना त्या दिवशीचं, शटर ओढल्याचं सांगितलं, तर त्यांनी वेगळंच विचारलं. "शटर खाली आलं तेव्हा तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. ऊन येत होतं म्हणून त्यांनी ओढलं."

"त्यांचं नाही विचारलं."

मग मी रडले. कशासाठी ते मलाही माहीत नाही. मॅडमनी पाणी दिलं आणि सरांना आत बोलावून म्हणाल्या, "माणसाला जागेवर बसवण्याआधी तिला ती जागा दाखवायला हवी होती. विचारायला हवं होतं." सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गुरुवारी येता. मला रोज वरून फोन असतो, किती जण लागले म्हणून. मार्चला प्रकल्प संपतोय." दोघांचंही खरं वाटत होतं मला. मी मध्ये बसलेली, माझ्यावरून दोन चांगली माणसं भांडतायत आणि मला वाटत होतं जमिनीनं पोटात घ्यावं.

८ जानेवारी, गुरुवार

शिलाईची ती जागा अजून रिकामी आहे. सर टेकीला आले होते. एकदा शब्द दिला की माणूस द्यावाच लागतो, नाहीतर तो मालक पुढं कुणालाच घेणार नाही म्हणाले. मी पटकन बोलून गेले, "विजीला घ्या की. तिला कशाची भीती वाटत नाही."

सरांनी विचार केला. योजनेत ती बसत नाही, पण जागा भरली तर भरली. "शिलाई येते?"

"पॅकिंगला होती, पण दोन दिवसांत शिकेल. धीराची आहे."

मॅडम त्यावेळी दुसऱ्या खोलीत होत्या.

विजीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली नाही, हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावर व्हय? दार कसलं हाय?" मी म्हटलं, दार आहे साधं, लाकडी. खाली दुकानाला शटर आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. "बरं," म्हणाली. "पोराच्या वसतिगृहाचं भागंल." थोड्या वेळानं पुन्हा आली. "अक्का, आत किती बाया असत्यात?"

"दहा-बारा."

"बरं."

१६ जानेवारी, शुक्रवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज गेले, होम झाला, मी या वर्षी काहीच बघितलं नाही. हात दुखतो म्हटलं. दारूकाम, म्हणजे फटाक्यांची आतषबाजी, बघायला अंकिता विजीबरोबर गेली. इथं घरातही आवाज येत होते. मी रेडिओ मोठा केला.

अंकिता आली तेव्हा जरा घाबरलेली. म्हणे, विजीमावशी आधी लई हसत होती, भेळ खाल्ली, पाळण्यात बसू म्हणाली. मग पाळण्यापाशी गेल्यावर तिथल्या माणसाशी भांडायला लागली. तो पाळण्याच्या पेटीला बाहेरून खिट्टी लावत होता, तर त्याचा हात धरून ठेवला. "आतून का न्हाय लावत? आतल्याला उतरायचं आसलं तर?" लोक हसायला लागले. अंकिताला लाज वाटली.

मी म्हटलं, अगं गावाकडची आहे ती, पाळण्याला घाबरली असेल.

२० जानेवारी, मंगळवार

विजी कामाला लागली. डबा मीच भरून दिला, म्हणजे अंकितानं केलं आणि मी भरला. जाताना पाया पडली माझ्या. मी काय एवढी मोठी आहे तिच्यापेक्षा? चारपाच वर्षं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नंदीश सर खूश आहेत. विजीचं काम सगळ्यात स्वच्छ, असं तिथली मालकीण म्हणाली. मला सर म्हणाले, "बघा ताई, मनात आणलं तर होतं." मला ते लागलं. घरी येताना मनात आलं, आपणच नेभळट. विजीचा संसार फिरतीवर, मूल लांब, ती करते. आपल्याला नवरा हाय, घर हाय, आणि आपण दाराशी बसून राहतो.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी एकदम वर बघितलं. "विजयमाला? त्या आगीतल्याच ना? त्यांच्याशी कुणी बोललंय का?" मी म्हटलं, मॅडम, ती आत नव्हतीच. मॅडम म्हणाल्या, "मग कुठं होती?"

केळी आणायला गेली होती, म्हटलं.

"आणि परत कधी आली?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विजीला विचारलेलं नाही. म्हटलं, विचारून सांगते.

विजी रात्री उशिरा येते, भांडी घासते, पाणी भरते. बसलेली म्हणून दिसतच नाही. आज तिच्या दारात गेले, पण तिनं हातात वाटी दिली, "आमटी केलीया, पोरीला दे," आणि पुन्हा घासायला लागली. विचारायचं राहून गेलं. रविवारी निवांत विचारू.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. सिद्धेश्वराला गर्दी होती, मी आणि मालक सकाळी लवकर जाऊन आलो. विजी आली नाही, कपडे भिजवलेत म्हणाली. आजही विचारलं नाही. सणाच्या दिवशी ते विषय कशाला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आजच लिहून टाकते.

दुपारी शिलाईच्या मालकिणीचा फोन. "तुमची बाई आवरत नाही, लवकर या." आमचे मालक गाडी घेऊन भाड्यावर होते. रिक्षानं गेले. खाली दुकानापाशी माणसं जमलेली. वरून ओरडण्याचा आवाज येत होता, विजीचा, पण शब्द कळत नव्हते.

एक मुलगी संडासात अडकली होती. कडी घट्ट बसली, आतून निघेना. बायका हसत होत्या, कुणीतरी सुतार बोलवायला गेलं होतं. विजी उठली आणि दारावर हात मारायला लागली. मग कात्री, मग लोखंडी इस्त्री. दार फुटलं, ती पोरगी बाहेर आली, तिच्या कपाळाला फळीचा तुकडा लागला. आणि तरी विजी थांबेना. उघड्या दाराच्या चौकटीवर मारतच राहिली. मालकिणीच्या नवऱ्यानं धरायला बघितलं तर त्यालाही इस्त्री लागली.

हे मला खाली उभं राहून लोकांकडून कळलं. मालकीण जिन्यातून म्हणत होती, "वर या हो, तुमचं ऐकेल ती." मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवला. पुढं जाता आलं नाही. मी तिथून हाका मारल्या, "विजे! विजे गं! खाली ये!" माझ्या हाका तिला ऐकू गेल्या असतील असं वाटत नाही.

चौघांनी धरून खाली आणलं. हातांची सालं निघालेली, रक्त कोपरापर्यंत. माझ्याकडं बघितलं पण ओळखल्याचं काही दिसलं नाही. इस्त्री लागलेला माणूस भला, पोलिसांत जात नाही म्हणाला, फक्त "ही वेडी बाई आमच्याकडं कुणी पाठवली?" असं विचारत होता. नंदीश सर आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी विजीच्या हातांना पदर गुंडाळला.

सिव्हिलमध्ये पट्ट्या बांधल्या. डॉक्टरांनी विचारलं, एवढा राग कशाचा आला? मला वाटतं, तिला कुणीतरी कामावरून बोललं असणार. ती मानी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

विजीची सासू म्हाळसाबाई आली. म्हातारी काटक, अंगानं लहान, हातात काठी. विजी तीन दिवस भिंतीला टेकून बसलेली, जेवण मी भरवत होते. म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पोरगी हसती-खेळती धाडली हुती म्या हितं. काय केलंसा तिचं?"

मी म्हटलं, "आजी, आम्ही काय..."

"मेंढरू आजारी पडलं तरी कळपातला माणूस रोज बघतो, खाल्लं का, पाणी पिलं का," ती म्हणाली. तिला मला बोलायचं नव्हतं बहुतेक, तिचं तिचंच चाललं होतं.

दुपारच्या बसनं घेऊन गेली. खोलीला कुलूप लावायला गेले तर कडीच नव्हती, आतली नाही आणि बाहेरचीही नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या उठून बाहेरच्या टेबलापाशी गेल्या. मग नंदीश सरांना म्हणाल्या, "तिला एकदा तरी माझ्यासमोर आणायला हवं होतं." सर म्हणाले, "मॅडम, यादीत नाव नाही त्यांच्यासाठी मी काय करू शकत होतो?" आणि मग, हळू आवाजात, "मी तिला एक शब्दही विचारला नाही. जागा भरली, एवढंच बघितलं." डोळे पुसत होते. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी जमेना, कारण तिचं नाव सुचवलं कुणी?

मॅडम म्हणाल्या, आता सगळ्यांना पुन्हा भेटायचं, प्रत्येकाला विचारायचं, कुठं बसवेल, कशाचा त्रास होतो, कोण सोबत हवं. मार्च संपेपर्यंत जेवढ्यांचं होईल तेवढ्यांचं. विजीसाठी मी विचारलं. "तिथं जाऊन भेटायचा प्रयत्न करते," म्हणाल्या. पुण्याहून सोलापूर, सोलापूरहून ती वस्ती. जमणार नाही, हे त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

५ मार्च, गुरुवार

मला काम मिळालं. होटगी रोडला रोपवाटिका आहे. पिशव्यांत माती भरायची, रोपांना पाणी, आल्यागेलेल्याला झाड दाखवायचं. भिंत नाही, वर हिरवी जाळी. सर मला आधी घेऊन गेले, तासभर बसू दिलं, मग विचारलं, "चालेल?" चालेल म्हटलं. सोमवार सोळा तारखेपासून.

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी पेढे आणले. एक पेढा खाल्ला आणि उलटी झाली. हे सगळं मला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर ती जागा रिकामी राहिलीच नसती, विजी तिथं गेलीच नसती. किंवा तिला विचारलं असतं. मला जे मिळालं ते तिच्या हातांवरून मिळालं. मालक म्हणाले, "पित्त झालंय, लिंबू-पाणी घे."

१६ मार्च, सोमवार

विजीच्या सासरच्या वस्तीवरून लिहितेय. सकाळ झालीय. आज दहाला मला रोपवाटिकेत हजर व्हायचं होतं.

काल सकाळी निघाले. कामाला लागण्याआधी एकदा भेटून यावं म्हणून. सांगोल्यापर्यंत मोठी बस, पुढं दुसरी. वस्ती म्हणजे तीन घरं, बाभळी, दगडी कुंपणात मेंढरं, सगळीकडं नजर जाईल तिथवर मोकळं. बिरुदेव आलेला आहे फिरतीवरून, बायकोसाठी. अबोल माणूस. मला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं.

विजी बाहेरच बसली होती. हातांच्या जखमा भरल्यात. मला ओळखलं, "अक्का आलीस व्हय," म्हणाली. मला एवढा आनंद झाला. कोकराला दूध पाजत होती बाटलीनं. मी सांगितलं, मला काम मिळालं, झाडांचं. "बरं झालं," म्हणाली.

मी म्हटलं, "इथं बरंय गं तुला. सगळं मोकळं हाय."

ती म्हणाली, "मोकळं तुला दिसतंय."

मग मी जे महिनाभर विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. केळी घेऊन परत आलीस तेव्हा काय झालं? ती कोकराकडं बघत राहिली. बाटली संपली तरी त्याच्या तोंडात धरून ठेवली. बिरुदेवनं हळूच काढून घेतली आणि मला मानेनंच नको म्हणाला. मी परत विचारलं नाही.

दुपारच्या बसला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली. म्हाळसाबाई नको म्हणत होती, तरी आली. फाट्यावर आम्ही दोघी आणि बिरुदेव. बस आली. मी तिला जवळ घेतलं, चढले, खिडकीपाशी बसले. कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली.

विजीनं दारावर मूठ मारली. मला वाटलं काहीतरी द्यायचं राहिलं. मग दुसरी मारली. मग दोन्ही हातांनी. "उगडा! कुलूप काडा! आत माणसं हायती! बजाक्का! बजाक्का, मी हाय गं, मी आलीया, चावी आणाय गेल्यात, दम धर, हात दे, खालनं हात दे!" बिरुदेव तिला धरत होता, ती त्याला ओढून नेत होती. बसमधली माणसं उठून बघायला लागली. पत्र्यावर तिच्या मुठी आदळत होत्या आणि मला तो आवाज माहीत होता. त्या दिवशी धुरात, संडासाच्या खिडकीत चढताना, मागून कुठूनतरी तो आवाज येत होता. आतल्या बायका शटर वाजवतायत असं मी आजवर धरून चालले होते. दोन्हीकडून वाजत होतं.

केळी घेऊन आली तेव्हा शटरच्या या बाजूला ती होती. शेवटपर्यंत.

मी ओरडले, "दार उघडा!" कंडक्टर भांबावला, त्यानं उघडलं. मी उतरले. पिशवी आतच राहिली, कुणीतरी खिडकीतून फेकली. विजीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, चाचपलं, केस, खांदे, भाजलेला हात. "आलीस," म्हणाली. "आलीस गं बाई." रडत होती, हसत होती. मी तिला बजाक्का नाही असं सांगितलं नाही. मग तिनं माझ्या मागं बघितलं, उघड्या दाराकडं.

"बाकीच्या कुटं हायत?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर माझ्याकडं बघत होता, येताय का म्हणून. मी मान हलवली. दार लागलं, बस गेली. विजी तिच्या मागं थोडी पळाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी आणि बिरुदेव तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो.